रुग्णालयाच्या दारी बंदूक



महाराष्ट्रातील मोठ्या रुग्णालयात पाऊल टाकले की बहुतेक ठिकाणी दोन पाट्या नजरेस पडतात. एक पाटी जुनी आहे. ती म्हणते, 'शांतता राखा'. दुसरी गेल्या काही वर्षांतली आहे. डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी यांच्यावर हल्ला करणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, असे ती बजावते. पहिली पाटी रुग्णांच्या सोयीसाठी आहे. दुसरी मात्र रुग्णाला घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्या नातेवाइकांसाठी आहे. आपला माणूस बरा व्हावा म्हणून ज्या दारात आपण हात जोडून उभे राहतो, त्याच दाराला आपल्यापासून संरक्षण मागावे लागते! ही गोष्ट नुसती वाचून पुढे जाण्यासारखी नाही.

रुग्णालयात मारहाण झाल्याची बातमी आली की दोन मागण्या हमखास पुढे येतात. रुग्णालयांना सशस्त्र पहारा द्या, ही पहिली. डॉक्टरांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्या, असेही अधूनमधून ऐकू येते. या मागण्यांमागची भीती खरी आहे, तिची टिंगल कोणी करू नये. परंतु जिथे जखमा बांधल्या जातात तिथे जखमा करणारे हत्यार असावे का, असल्यास कोणाच्या हाती आणि कोठपर्यंत, हा प्रश्न केवळ पोलिसांचा वा सरकारचा नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, म्हणून आपलाही आहे.

आपलाही म्हणण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या धर्मग्रामात रुग्णालयाशी संबंध नाही असे घर विरळाच. कोणाची लेक परिचारिका आहे, कोणाची सून प्रयोगशाळेत काम करते, कोणाचा मुलगा वैद्यकीय शिक्षण घेतो आहे. रात्रपाळी आटोपून सकाळच्या लोकलने घरी परतणारी ती मुलगी आपली आहे. त्याचबरोबर, अपघातात सापडलेल्या मित्राला रिक्षात घालून मध्यरात्री रुग्णालयात धडकणारा तरुणांचा घोळकाही आपल्याच वाडीतला असू शकतो. मार खाणारे आणि हात उगारणारे, दोघेही आपल्याच बाकांवर बसणारे असू शकतात. म्हणून या प्रश्नाकडे एकाच बाजूने पाहून चालणार नाही.

बागेतील तलवार

गेथशेमनी बागेतील प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. प्रभू येशूला धरण्यासाठी लोक आले तेव्हा पेत्राने तलवार उपसली आणि मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान छाटला. पेत्राचा हेतू वाईट नव्हता. आपल्या गुरूचे रक्षण करावे, एवढेच त्याच्या मनात होते. प्रभूने त्याला तलवार म्यानात घालायला लावली आणि त्या दासाच्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. बरे करण्याची गोष्ट फक्त संत लूकने नोंदवली आहे. परंपरा त्याला वैद्य मानते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

या प्रसंगाचा अर्थ असा नाही की दुर्बलाचे रक्षण करूच नये. ख्रिस्तसभेचे धर्मशिक्षण स्पष्टपणे सांगते, की ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी संरक्षण करणे हा नुसता हक्क नसून गंभीर कर्तव्य ठरू शकते. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात याला एक मर्यादा घालून दिली: स्वतःच्या रक्षणासाठी जेवढे बळ आवश्यक आहे तेवढेच न्याय्य, त्यापेक्षा अधिक वापरले तर ते अन्याय्य. रक्षण करणे कर्तव्य आहे आणि रक्षणाला माप आहे. ही दोन्ही वाक्ये एकत्र धरूनच आपल्याला रुग्णालयाच्या दाराकडे पाहिले पाहिजे.

मुंबईने पाहिलेले तीन प्रकार

आपल्या जवळच्या मुंबईचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे.

१२ सप्टेंबर १९९२ च्या पहाटे जे. जे. रुग्णालयाच्या वॉर्ड क्रमांक १८ मध्ये गुंडांची एक टोळी शिरली. तेथे विरोधी टोळीतला एक जखमी आरोपी पोलीस पहाऱ्यात उपचार घेत होता. हल्लेखोरांकडे एके ४७ सारखी शस्त्रे होती. त्यांनी त्या आरोपीला खाटेवरच ठार मारले आणि पहाऱ्यावरचे दोन पोलीसही मारले गेले. म्हणजे तिथे पहारा होता आणि बंदुकाही होत्या. तरीही वॉर्डाची रणभूमी झाली.

दुसरा प्रसंग २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचा. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर निरपराध प्रवाशांना मारून दोन दहशतवादी जवळच्या कामा रुग्णालयात घुसले. स्त्रिया आणि बालकांचे हे रुग्णालय. दारावर पहारा देणाऱ्या दोन रक्षकांचा त्यांनी बळी घेतला. त्या वेळी प्रसूतिपूर्व कक्षात अंजली कुलथे या परिचारिका कामावर होत्या. त्यांच्याकडे वीस गर्भवती स्त्रियांची जबाबदारी होती. त्यांनी कक्षाचे जड दरवाजे बंद केले, दिवे मालवले आणि सर्व स्त्रियांना कक्षाच्या टोकाला असलेल्या लहानशा खोलीत हलवले. त्यातच एका स्त्रीला कळा सुरू झाल्या. बाहेर गोळीबार आणि स्फोट चालू असताना भिंतीच्या आधाराने तिला त्यांनी प्रसूतिकक्षापर्यंत नेले. पुढे खटल्यात साक्ष देण्यासाठी त्या गणवेशातच उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्यांनी ही हकीगत सांगितली. त्या रात्री पोलीस अधिकारी सदानंद दाते आणि त्यांचे सहकारी कामाच्या इमारतीत बंदुका घेऊन दहशतवाद्यांशी लढले व जखमी झाले, हेही विसरून चालणार नाही. तेथे दोन्ही गोष्टी लागल्या: लढणारा पोलीस आणि दरवाजा लावणारी परिचारिका. पण दोघांची कामे वेगळी होती. परिचारिकेच्या हाती बंदूक असती तर त्या स्त्रियांचा हात कोणी धरला असता?

तिसरा प्रकार अधिक नेहमीचा आहे. त्यात टोळीही नसते आणि दहशतवादीही नसतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. अपघातातील रुग्णासाठी लागणारा मेंदूशल्यविशारद तेथे उपलब्ध नाही, एवढेच निमित्त होते. त्यानंतर मुंबईतही अशा घटना घडल्या. राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. त्याचा फटका अर्थातच गरिबांना बसला, कारण ज्याच्यापाशी पैसा आहे तो खासगी रुग्णालयात जाऊ शकतो. अखेर उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले आणि सरकारी रुग्णालयांत सुमारे १,१०० सुरक्षा जवान नेमण्याचे आश्वासन शासनाने दिले.

या तीन प्रकारांना एकच औषध लागू पडेल का? पहिल्या दोन प्रकारांत हत्यार बाहेरून आले आणि त्याला तोंड देण्यासाठी प्रशिक्षित पोलीसच हवेत. तिसऱ्या प्रकारात हत्यार म्हणजे माणसाची मूठ, खुर्ची नाहीतर सलाइनचा स्टँड. समोर उभा असतो तो शोकाने भान हरपलेला बाप किंवा भाऊ. त्याच्यावर बंदूक रोखायची का? आणि रोखली तर ती चालवायची का?

कायदा हाताला काय देतो

या ठिकाणी शस्त्रांच्या कायद्याचा विचार करावा लागतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. परवाना मागणाऱ्याची पोलिसांकडून चौकशी होते. एका परवानाधारकाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आली. लग्नात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हीही होऊ शकतात. आपल्याकडे बंदूक बाळगणे ही शासनाने अटी घालून दिलेली परवानगी आहे. तो कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. अटी जाचक आहेत अशी तक्रार कधी ऐकू येते. पण त्या अटींनी काय वाचवले आहे, हे पाहायचे तर दुसऱ्या एका देशाकडे नजर टाकावी लागेल.

अमेरिकेत बंदूक बाळगण्याचा हक्क राज्यघटनेतच मानला गेला आहे. त्या देशात ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात सेंट फ्रान्सिस नावाचे कॅथलिक रुग्णालय आहे. तेथे एका रुग्णाच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. वेदना थांबेनात. तो वारंवार फोन करून तक्रार करत राहिला. १ जून २०२२ रोजी त्याने दुकानातून कायदेशीरपणे एक रायफल विकत घेतली आणि त्याच दिवशी रुग्णालयाच्या आवारात जाऊन आपल्या शल्यविशारदासह चार जणांना ठार केले. नंतर स्वतःलाही गोळी घातली.

आता धुळे आणि टल्सा शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे 'माझे दुःख या डॉक्टरमुळे आहे' हाच आंधळा संताप होता. संताप देश पाहत नाही, भाषा पाहत नाही. एका ठिकाणी डोळ्याला इजा झाली, दुसऱ्या ठिकाणी पाच प्रेते पडली. संताप किती आहे यापेक्षा त्या क्षणी हाताला काय सापडते यावर बरेच अवलंबून असते. आणि हाताला काय सापडावे हे बऱ्याच अंशी कायदा ठरवतो. म्हणून बंदुकीचे नियम ढिले करून रुग्णालये सुरक्षित होतील, हे आम्हांला पटत नाही.

'मग रक्षकाच्या हाती तरी बंदूक द्या,' असे कोणी म्हणेल. यावर अमेरिकेतच एक अभ्यास झाला आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० ते २०११ या काळात तेथील रुग्णालयांत घडलेल्या गोळीबाराच्या १५४ घटना तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. तातडीच्या उपचार विभागात झालेल्या गोळीबारांपैकी सुमारे २३ टक्के घटनांत हल्लेखोराने सुरक्षा रक्षकाचीच बंदूक हिसकावून घेतलेली होती. झटापटीत बंदूक कोणाच्या हाती जाईल हे सांगता येत नाही. शिवाय वॉर्ड म्हणजे काही मोकळे मैदान नव्हे. तेथे प्राणवायूच्या नळ्या असतात, पातळ पडद्यांच्या आडोशाला खाटा असतात. पायाला वजन बांधलेला वृद्ध पळू शकत नाही. काचपेटीतले बाळ खाली वाकू शकत नाही. सुटलेली गोळी खाटा मोजत नाही. अक्विनास यांनी सांगितलेले माप येथे लावले, तर खाटांच्या मध्ये चालवलेली बंदूक जवळजवळ नेहमीच मापाबाहेर जाते.

शस्त्र कोठपर्यंत?

युद्धाच्या काळातही या प्रश्नाचा विचार झाला आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार लष्करी रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना स्वतःच्या आणि जखमींच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगता येते; तेवढ्याने रुग्णालयाला मिळणारे संरक्षण संपत नाही. मात्र हे शस्त्र रुग्णाच्या रक्षणापुरतेच असावे, शत्रूवर चढाई करण्यासाठी नसावे.

'सीमारहित डॉक्टर' या संस्थेने याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. युद्धग्रस्त देशांतील त्यांच्या रुग्णालयांच्या फाटकावर बंदुकीच्या चित्रावर फुली मारलेली पाटी असते. सैनिक असो की बंडखोर, हत्यार बाहेर ठेवूनच आत यायचे. आत आल्यावर तो कोणत्या बाजूचा हे कोणी विचारत नाही. तो फक्त रुग्ण असतो. या नियमानेही सर्व संकटे टळत नाहीत. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदुझ येथे अमेरिकी विमानाच्या हल्ल्यात या संस्थेच्या रुग्णालयातील ४२ जण मृत्युमुखी पडले. तरीसुद्धा संस्थेने ती पाटी काढली नाही. रुग्णालयाची खरी तटबंदी म्हणजे लोकांचा विश्वास, अशी त्यांची धारणा आहे, आणि आतली एक बंदूकही त्या विश्वासाला तडा देते.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही या विचाराचे एक सुंदर उदाहरण आहे. संत कमिलस हे तरुणपणी सैनिक होते. जुगाराचा नाद होता, स्वभाव तापट होता. पायाची जखम भरून येईना म्हणून ते रोमच्या संत याकोबाच्या रुग्णालयात दाखल झाले आणि शेवटी त्याच रुग्णालयात सेवक बनले. पुढे त्यांनी आजाऱ्यांच्या सेवेसाठी संघ स्थापन केला. १५८६ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांनी त्या संघाच्या सदस्यांना झग्यावर लाल क्रूस लावण्याची अनुमती दिली. रेडक्रॉसची खूण ठरली १८६४ मध्ये, म्हणजे त्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी. कमिलस यांचे बंधू रणांगणावरही गेले, पण जखमी सैनिकांना उचलायला गेले. ज्या माणसाने तलवार हाताळली होती, त्याला रुग्णाजवळ तलवारीचे काम नाही हे कळले होते.

यावरून आमचे मत असे झाले आहे: बंदुकीची जागा फाटकापर्यंत आहे, खाटेपर्यंत नाही. जेथे धोका मोठा आहे तेथे फाटकावर प्रशिक्षित, शासनाला उत्तरदायी असा सशस्त्र पोलीस असावा. कैदी रुग्णासाठी वेगळा, बंदिस्त कक्ष असावा, म्हणजे त्याचे वैर इतर रुग्णांच्या अंगावर येणार नाही. भेटीला येणाऱ्याकडे परवान्याची बंदूक असली तरी ती बाहेर जमा करून घ्यावी, मग तो कितीही मोठा पुढारी असो. आणि वॉर्डात जो रक्षक उभा राहील तो निःशस्त्र पण सावध, बोलण्यात मृदू आणि शिकवून तयार केलेला असावा.

पहारा कोणावर?

सुरक्षा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाहेरून येणारा शत्रू उभा राहतो. पण काही जखमा आतून होतात. नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष अत्याचार झाला. तो करणारा त्याच रुग्णालयातील कर्मचारी होता. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात रात्रपाळीवरील एका तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. दीर्घ काम आटोपून ती सेमिनारच्या खोलीत विश्रांती घेत होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ज्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली, तो पोलिसांच्या मदतीसाठी नेमलेला स्वयंसेवक होता. ज्याला दार राखायचे, त्याच्यापासूनच दार राखण्याची वेळ आली! अशा माणसाच्या हाती बंदूक दिली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

म्हणून सुरक्षा म्हणजे आधी माणसाची निवड, आणि त्यानंतर साध्यासुध्या गोष्टी: विश्रांतीची वेगळी खोली, तिला आतून लागणारी कडी, जिन्यात उजेड, स्वच्छतागृह जवळ, रात्री घरी पोचवणारे वाहन. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कृतिदल नेमताना याच उणिवांवर बोट ठेवले. या गोष्टींना बंदुकीपेक्षा खर्च कमी लागतो, मात्र आस्था अधिक लागते. केईएमच्या परिचारिकांनी बेशुद्धावस्थेतील अरुणाताईंना १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, सांभाळले. जिला रुग्णालय सुरक्षित ठेवू शकले नाही, तिला त्याच रुग्णालयाच्या भगिनींनी अंतर दिले नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पहारा वाढला की त्याचा काच प्रथम गरिबालाच होतो. चांगल्या कपड्यांतल्या माणसाला रक्षक सलाम ठोकतो आणि पिशवीत भाकरी घेऊन आलेल्या म्हातारीला 'चल, बाजूला हो' म्हणून ढकलतो. नातेवाइकांचा राग नेहमीच अकारण असतो असे नाही. तासन्‌तास कोणी काही सांगत नाही, खाट मिळत नाही, औषध बाहेरून आणायला लावतात, आणि शेवटी एक थकलेला तरुण डॉक्टर घाईघाईत मृत्यूची बातमी देऊन निघून जातो. तो निर्दयी नसतो. त्याच्यामागे आणखी चाळीस रुग्ण उभे असतात. त्या क्षणी शेजारी बसून दोन शब्द बोलणारा कोणी असता, तर कित्येक हात उगारलेच गेले नसते. ज्या रुग्णालयाला बंदूकधारी नेमणे परवडते आणि नातेवाइकांशी बोलणारा समुपदेशक परवडत नाही, त्याने आपला हिशेब पुन्हा मांडावा.

आपण काय करू शकतो?

२०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला वा रुग्णालयाची मोडतोड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईही द्यावी लागते. पण कायदा हात उगारल्यानंतर येतो. हात उगारण्याआधी कोण येणार? तेथे शेजाऱ्याने यायचे आहे, म्हणजेच आपण यायचे आहे.

आपल्या वाडीतील कोणी गंभीर आजारी पडला की सगळी वाडी रुग्णालयात लोटते. यामागे प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु पंचवीस माणसांचा घोळका म्हणजे डॉक्टरच्या नजरेत पंचवीस मुठी असतात. म्हणून दोघांनीच आत जावे आणि डॉक्टरांशी बोलण्यासाठी शांत स्वभावाची एकच व्यक्ती नेमावी. बाकीच्यांनी घरी राहून मुलांचे, जेवणाचे पाहावे. तीही रुग्णसेवाच आहे. उपचारात हयगय झाली असे वाटले तर रुग्णाचे कागदपत्र मागून घ्यावेत आणि लेखी तक्रार करावी. महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोग आहे. हे मार्ग लांबचे आहेत हे खरे. पण मुठीच्या मार्गाने आजवर कोणाचा मृत जिवंत झालेला नाही.

दारू प्यालेल्या सोबत्याला रुग्णालयाच्या आवारात नेऊ नये, आणि कोणी आवाज चढवू लागला तर त्याचा हात धरून त्याला बाहेर न्यावे. हे काम सुरक्षा रक्षकापेक्षा मित्र अधिक चांगले करू शकतो. मृत्यूच्या वेळी कुटुंबापाशी बसण्यासाठी आपल्या धर्मग्रामातील काही अनुभवी स्त्रीपुरुषांनी पुढे यावे. आजाऱ्याला भेटणे आणि दुःखिताचे सांत्वन करणे या दोन्ही दयेच्या कृती आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केल्या. रुग्णालयाच्या व्हरांड्यात त्या दोन्ही एकाच वेळी करता येतात.

आणि पुढच्या वेळी रुग्णालयात जाल तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराचे नाव विचारा. बारा बारा तास उभा राहणारा हा माणूस बहुधा कंत्राटावर असतो, पगार बेताचा असतो, आणि दिवसभर लोकांची बोलणी ऐकत असतो. कामा रुग्णालयात सर्वांत आधी असेच दोघे पडले. त्याला माणूस म्हणून वागवले, तर तोही पिशवीवाल्या म्हातारीला माणूस म्हणून वागवेल.

या रविवारी विश्वासू जनांच्या प्रार्थनांत आपण रात्रपाळीवर असलेल्या सर्व परिचारिका, डॉक्टर, आया, वॉर्डबॉय आणि रखवालदार यांची आठवण करू या. तसेच या क्षणी एखाद्या अतिदक्षता विभागाबाहेर मुठी आवळून उभ्या असलेल्या त्या अनोळखी भावाचीही आठवण करू या. दयाळू परमेश्वर त्याच्या मुठी सैल करो, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यासाठी आपल्यातील कोणाला तरी तेथे वेळेवर पोहोचवो.